पाटावरचे लाल चौकोन

गावाहून, २९ जानेवारी

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तर फाड, पण वाचून फाड.

सव्वीस जानेवारीचं माझं भाषण तू साताऱ्यात बसून पाहिलंस. तुझा पृथ्वीराजच म्हणाला, "आत्या, पप्पांनी व्हिडिओ तीनदा लावला आणि न जेवता झोपले." बरं झालं. पाणी संस्थेचा चेअरमन एक दिवस उपाशी झोपला तर काही बिघडत नाही. धनगरवाड्यातली पिकं बारा आठवडे उपाशी आहेत.

पाण्याची पाळी मी तुला शिकवायला नको. पण नववीच्या मुलांनी ती कशी पाहिली, ते तुला ठाऊक नाही. वर्षभर मी त्यांना मोबाइलवर ॲप बनवायला शिकवते आहे. स्क्रीनवर रंगीत ठोकळे असतात, ते एकाला एक जोडत जायचं. ॲप हे निमित्त आहे. मला त्यांना विचार करायला शिकवायचं आहे. मोठी अडचण फोडून लहान करायची, तिच्यात पुन्हा पुन्हा काय येतं ते शोधायचं, नको ते बाजूला ठेवायचं, आणि उरलेलं अशा पायऱ्यांत लिहायचं की परक्या माणसालाही त्याच वाटेनं जाता यावं. लोकांनी मतं पाठ केली म्हणजे देश शहाणा होत नाही. तो पायरी पायरीनं विचार करणाऱ्यांमुळे शहाणा होतो, आणि ती माणसं शाळेतच घडवावी लागतात.

तर मुलांनी ॲप केलं. संस्थेच्या अठ्ठेचाळीस शेतांचे अठ्ठेचाळीस चौकोन. शेतात पाणी आलं की शेतकऱ्यानं बटण दाबायचं, थांबलं की पुन्हा दाबायचं. दुसऱ्या बाजूला पाटकरी आकारामच्या रजिस्टरमधली नोंद. दोन्ही जुळलं तर चौकोन हिरवा. रजिस्टर म्हणतं पाळी झाली आणि शेत म्हणतं पाणी आलंच नाही, तर लाल. बारा आठवड्यांनी पाहिलं तर शेवटच्या टोकाची धनगरवाड्याची सात शेतं लालभडक. सगळ्यात वर तुझे चार एकर. ते एकदाही लाल झाले नाहीत.

हेच मी झेंड्यासमोर तीनशे माणसांना सांगितलं. ज्या मुलखात गावांनी एकेकाळी स्वतःचं सरकार चालवलं, तिथे पाण्याच्या चोरीवर गप्प बसायचं? कुणी म्हणेल वार वाईट, कुणी म्हणेल नशीब वाईट. मी म्हटलं, "वार चोरी करत नसतो, चोरी माणूस करतो!" आणि पाटकऱ्याचं नाव घेतलं. टाळ्या तू ऐकल्याच असशील.

दोन दिवसांत तू फोनवरून आकारामला कामावरून थांबवलंस. बावीस फेब्रुवारीच्या सभेत त्याला कायमचा काढायचा ठराव येणार आहे. एवढी घाई? ठराव जरूर आण. पण झडप सोडणाऱ्याचं नाव त्यात असेल, तर ज्याच्या शेतात पाणी गेलं त्याचंही असू दे.

संयोगिता


५ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ. फौजेतून तार पाठवायचास तेव्हाही याहून जास्त शब्द असायचे. "आकाराम चोरी करील असं तुला खरंच वाटतं?"

तुला वाटत नव्हतं, तर त्याला थांबवलंस का? तीस वर्षं ज्यानं उन्हातान्हात पाट राखला, त्याला तू एका फोनवर घरी बसवलंस. रजिस्टर उघडून पाहिलंस? त्याला बोलावलंस? नाही. आकारामनंतर पुढचं नाव तुझं येणार होतं, म्हणून तू त्याला पुढे ढकललंस. मला प्रश्न विचारण्याआधी याचं उत्तर दे.

इकडचं सांगते. आकारामच्या जागी तात्पुरता शिवतेजला ठेवला आहे. मोटारसायकल घेऊन पाटावर जातो आणि गाणी लावून बसतो. मंगळवारी तिसऱ्या चेंबरशी पाईप फुटला. रस्त्यावर गुडघाभर पाणी. मुलांनी आकारामच्या मागे फिरून त्याच्या कामाच्या पायऱ्या लिहून काढल्या होत्या, चोवीस भरल्या. त्यातली सतरावी अशी की झडप सोडण्याआधी चेंबरच्या झाकणाला कान लावायचा, आत हवा अडकली असली तर ऐकू येते. ही पायरी ॲपमध्ये घालायची कशी, यावरून वर्गात दोन तास वाद झाला होता. शिवतेजनं कान लावला नाही. टवाळखोर लालासाहेब तिथेच उभा होता. मला पाहून ओरडला, "बाई, भाषणाचा जोर लय झाला बघा! पाईपच फुटला!" सगळे हसले.

गिरणीत आकारामची बायको राहीबाई भेटली. पिठाचा डबा खाली ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, तुमची पोरं तीन आठवडे आमच्या म्हाताऱ्याच्या मागनं फिरली. घरी येऊन म्हणायचा, पोरं लय हुशार हाईत, माझ्या डोक्यातलं समदं लिवून घेत्यात. ह्याच्यासाठी लिवून घेतलं व्हय?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आणि मला माझी वाक्यं सहसा आठवतात. आकाराम गावात नाही. लेकीकडे कोरेगावला गेला आहे.

प्रांजल चार दिवस संगणक खोलीत आली नाही. धनगरवाड्यातल्या धुळाची मुलगी, ॲपमधलं निम्मं काम तिचंच. ताप असेल.

संयोगिता


१० फेब्रुवारी

दादा,

काल कोरेगावला जाऊन आले. किर्लोस्करवाडीहून पॅसेंजरनं गेले. का गेले ते विचारू नकोस.

आकारामतात्या लेकीच्या ओट्यावर घेवडा निवडत बसले होते. मला पाहून उठले. "आवं बाई, या. बसा." लेक दारात आली, मला पाहिलं आणि आत गेली. पाणी विचारलं नाही.

मी थेट विचारलं, पाणी पोचलं नाही तरी रजिस्टरात खोटं का लिहिलंत?

"खोटं?" त्यांनी घेवड्यातून नजर काढली नाही. "मी 'पाळी झाली' असं लिवतो. 'पाणी पोचलं' असं एकदा तरी लिवल्यालं दावा."

"दोन्ही एकच नाही का?"

"तुमाला एक असंल. संस्थेला न्हाई. घड्याळ गेलं की पाळी गेली. मधी लाईट जाऊन पंप थांबला तर ज्याची पाळी त्यानं सोसायचं. चाळीस वर्सांमागं पैल्या सभेत ठरलंय ह्ये. तुमच्या वडलांचीच सही हाय त्याच्यावर."

मग त्यांनी पायरी पायरीनं सांगितलं, मी मुलांना सांगते तसंच. सोमवारी नारळ फोडून पाळी वरून सुरू होते, कारण योजना सुरू झाली तो वार सोमवार होता. मंगळवार, बुधवार मधली शेतं. गुरुवारी धनगरवाडा. शुक्रवार-शनिवार शेजारच्या गावाचं पाणी, रविवारी पंपाला विसावा, सोमवारी पुन्हा नारळ, पुन्हा वरून. नियम झाला तेव्हा लाईट कधीही जायची, आज याची तर उद्या त्याची, म्हणून तो सगळ्यांना सारखाच होता. सहा वर्षांपूर्वी विजेची लाईन बदलली. तेव्हापासून दुरुस्तीसाठी ती बंद ठेवायचा वार ठरला. गुरुवार.

"दर गुरवारी न्हाई, पर लय वेळा. सकाळी जाती ती चार वाजता येती. मी काय करू? लाईट खिशातनं आणू?"

चोर कुणीच नाही, दादा. आकाराम नाही. तूही नाहीस. आपल्या अण्णांनी सही केलेला एक न्याय्य नियम होता. वीज जायचा एकच वार ठरून गेला आणि नियम तसाच राहिला. सोमवारी नारळ फोडायला आपण सगळे जमत होतो. गुरुवारी टोकाला कुणी जाऊन पाहत नव्हतं.

मी विचारलं, "तात्या, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी इचारलं कुठं? तुमी तर माईकवर व्हता."

मला यातलं काही माहीत नव्हतं, दादा. माहीत असतं तर मी तसं बोलले नसते. सभेला बारा दिवस आहेत. ठराव मागे घे.

संयोगिता


१५ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रातलं शेवटून तिसरं-चौथं वाक्य खोटं आहे. मला माहीत होतं. सगळं नाही, पण थांबून विचारायला पुरेल इतकं माहीत होतं.

एकोणीस जानेवारीला शाळा सुटल्यावर प्रांजल माझ्याकडे आली होती. तिनं ॲपमध्ये दुसरा पडदा, म्हणजे दुसरी स्क्रीन, केला होता. पहिल्या पडद्यावर शेतं होती, तिनं तीच माहिती वारांप्रमाणे लावली होती. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाई, शेत बघू नका. वार बघा. लाल समदं गुरवारीच येतंय."

मी म्हटलं, "प्रांजल, वार चोरी करत नसतो. चोरी माणूस करतो."

हो. ते वाक्य झेंड्यासमोर सुचलेलं नव्हतं. एका चौदा वर्षांच्या मुलीचं तोंड बंद करायला सुचलं होतं. ते इतकं टाळीचं वाटलं की मी ते जपून ठेवलं.

ती तरीही म्हणाली, "पर बाई, तात्याला एकदा इचारूया की." मी म्हटलं, भाषण आठवड्यावर आलं आहे, आता वेळ नाही, आणि दोन पडदे दाखवले तर लोक गोंधळतात. तो काढून टाक. तिचं बोट चालेना. मग मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि ते ठोकळे स्वतःच्या बोटानं ओढून स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. तिला म्हटलं, नको ते बाजूला ठेवायला शिक.

प्रोग्राम चुकला की वर्गात मी पहिली गोष्ट काय सांगते माहीत आहे? चुकलं कुठे ते शोधा, कुणाचं चुकलं ते नंतर. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवलेलं आहे ते. मी त्याच्याकडे पाठ करून उभी असते, म्हणून मला दिसत नाही.

असं का केलं, तेही लिहिते. मला आकाराम नको होता, तू हवा होतास. दोन वर्षांपूर्वी भर सभेत मी तुझ्या कारभारावर बोलले, तेव्हा तू "बसा बाई" म्हणालास, आणि सगळी सभा हसली. ते हसू माझ्या कानातून गेलं नव्हतं. आकाराम चोर ठरला तर धागा तुझ्या चार एकरांपर्यंत जाणार होता. गुरुवार चोर ठरला तर कुठेच जात नव्हता.

आता प्रांजलचं ऐक. तिला ताप नाही. काल मी धनगरवाड्यात गेले. धुळा गोठ्यापाशी उभा होता, बस म्हणाला नाही. "बाई, पोरगी आता शाळेत यायची न्हाई. गाव काय म्हणतंय म्हाईत हाय न्हवं? धनगरवाड्याच्या पोरीनं पाण्यापायी म्हातारा उठीवला. आमी आकारामतात्याचं नाव घेतलं व्हतं का कवा? पाणी न्हाई आलं तर न्हाई आलं, सोसलं आमी."

त्याची आई सुलाबाई आतून म्हणाली, "आरं, बाईला कशाला सांगतुयास? उद्या त्येचंबी भाषन करतील."

प्रांजल दाराच्या चौकटीत होती. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "म्हाईत हाय." आणि आत गेली.

म्हणून मागणं एवढंच. बावीस तारखेला आकाराम कायमचा गेला, तर तो मरेपर्यंत चोर राहील आणि प्रांजल आयुष्यभर चुगलीखोर. दोघांनाही मी तिथे नेऊन बसवलं आहे. माझ्या एकटीच्या बोलण्यानं ते फिरणार नाही, लोक म्हणतील बाईची आज नवी लहर. तू चेअरमन आहेस. तू ये. मी माझं सांगते, तू तुझं सांग, की रजिस्टर न उघडता माणूस काढलास. आणि नियम बदल. लाईट गेली तर पाळी जिथे थांबली तिथूनच पुढे चालू व्हावी, मग सोमवार उजाडला तरी. यात आपलं पाणी कमी होईल, तुझंही आणि माझ्या वाटणीचंही. मला ते मान्य आहे. तुला आहे का?

संयू


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं आता पृथ्वीराजकडून कळलं. त्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र "तू ये" म्हणून हुकूम सोडत बसले होते.

तू आला नाहीस, पण तुझं पत्र आलं. सचिव भाऊसोनं ते उभं राहून वाचलं. "रजिस्टर न पाहता आकाराम यांना मी कामावरून थांबवले. ही चूक माझी. पाळी थांबेल तेथून पुढे सुरू करावी, माझ्या शेताला उशिरा पाणी आले तरी माझी तक्रार नाही." तीन वाक्यं.

मग मी उठले. भाऊसोनं माईक पुढे केला, तो मी घेतला नाही. एकोणीस जानेवारीला काय झालं ते सांगितलं. बोलताना आवाज चढत होता, दादा. सवय आहे ती. स्वतःच्या चुकीवरसुद्धा टाळी मागायची सवय. दोनदा थांबून तो खाली आणला.

प्रांजलला धुळा घेऊन आला होता. मी तिला पुढे बोलावलं नाही. तीच उठली. तिनं दुसरा पडदा पुन्हा बनवला होता. प्रोजेक्टरनं तो भिंतीवर दाखवला आणि म्हणाली, "ही शेतं. ह्ये वार. ज्या गुरवारी लाईट व्हती, त्या गुरवारी आमच्या शेतातबी हिरवं हाय, बघा." एवढंच. मी वीस मिनिटं बोलले असते तरी ते इतकं लख्ख झालं नसतं.

लालासाहेब मागून ओरडला, "मग आता गुरवारलाच कामावरनं काढायचं काय?" हशा पिकला. त्या हशानं हॉलमधला ताण थोडा सैल झाला, हेही खरं. मग नारळावरून तंटा सुरू झाला. एकानं विचारलं, नारळ वर फोडायचा आणि पाणी खाली सोडायचं, देवाला चालेल का? अर्धा तास त्यावर गेला. शेवटी ठरलं की नारळ सोमवारीच, पण पाणी जिथे थांबलं असेल तिथून. एकेका शेताचे एक-दोन वाटेकरी धरून एक्कावन्न हात वर, अडतीस विरोधात. विरोधातले सगळे वरच्या शेतांचे, आपले शेजारीच. उद्यापासून ते मला पाटावरून चालू देतील असं वाटत नाही.

आकारामतात्यांना परत घ्यायला कुणाचा विरोध नव्हता. ते कोरेगावहून आले होते, दाराशी उभे होते. भाऊसो म्हणाला, "तात्या, झालं गेलं इसरा. उद्यापास्नं पाटावर या."

ते पुढे आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "येतो. पर बाईंना एक इचारायचं हाय." सगळे माझ्याकडे वळले. "बाई, झेंड्याला तुमी माझं नाव घेतलं तवा तीनशे माणसं व्हती. आज नव्वद हाईत. बाकीच्यांस्नी कवा सांगणार?"

मी म्हटलं, गावच्या फळ्यावर लिहिते, व्हिडिओ करून पाठवते.

"त्ये नगं. लिवल्यालं कोन वाचतंय. तोंडानं सांगा. आन् समोरच्यानं 'ऐकलं' म्हणलं तरच धरायचं."

दादा, आयुष्यात मी हजारो माणसांसमोर उभी राहिले. एकेकाच्या दारात उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

काल वर्गात मुलांनी सव्वीस जानेवारीचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहून नावं काढली. सभेला आलेले वगळून दोनशे सात. यादी गल्लीप्रमाणे फोडली. प्रांजल आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण धनगरवाड्याची नावं तिनंच लिहून दिली, आणि ती सगळ्यात वर ठेवली.

काल संध्याकाळी अकरा घरं झाली. एक म्हातारी म्हणाली, "आमाला तवाच म्हाईत व्हतं." मग तवाच का नाही बोललात, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. दुसऱ्या घरी मालक ओट्यावर आला, सगळं ऐकलं आणि उत्सुकतेनं विचारलं, "मग आता चोर कोन?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्याचा चेहरा पडला. तो चेहरा मी ओळखला. एकोणीस जानेवारीला माझाही तसाच पडला होता.

व्हिडिओ गावाबाहेर ज्यांनी पाहिला, त्यांची यादी वेगळी केली आहे. तीत साताऱ्याचं एकच नाव आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. गुडघ्यामुळे तुला दारापर्यंत यायला वेळ लागेल, मी थांबेन. या पत्रांतलं काही धरायचं नाही, ते लिहिलेलं आहे. मी समोर उभी राहून पहिल्यापासून सांगणार, आणि तू पुरतं ऐकून घ्यायचं. मध्ये "बसा बाई" म्हणालास तरी बसणार नाही. शेवटी तू "ऐकलं" म्हणायचं. म्हणालास तर नावापुढे खूण करीन. नाही म्हणालास, तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

संयू